बारीक स्क्रू कसा टिकवावा ?



परवां माझ्या नातवाचें दूरनियंत्रित हेलिकॉप्टर आमच्या छत्रपती संभाजीनगरांतील एका मैदानावर उडत असतां एकाएकीं गरगरलें व कोसळलें. उचलून पाहतों तों शेपटाकडील एक बारीक स्क्रू नाहींसा झालेला ! सुदैवानें कोणास लागलें नाहीं. परंतु अशा यंत्राचें मोठें पातें मिनिटास 2000 फेरे सहज घेतें. तें सुटून एखाद्या मुलाच्या अंगावर आलें असतें तर?

स्क्रू आवळला म्हणजे तो स्प्रिंगसारखा किंचित् ताणला जातो. त्या ताणानें आट्यांत घर्षण उत्पन्न होतें व तेंच त्यास जागीं धरून ठेवितें. जोडलेले भाग आडव्या दिशेनें एकमेकांवर घसरूं लागले कीं हें घर्षण निष्प्रभ होऊन स्क्रू आपोआप उलट फिरतो, असें जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर ह्यांनीं 1969 सालीं दाखविलें. ज्या शहराशेजारीं वाळूज येथें 1985 पासून दुचाकी तयार होतात, तेथील मिस्त्र्यांस हादऱ्यांचा हा गुण सांगावयास नको. मग अधिक जोरानें कां आवळूं नये ? कारण स्क्रू अवघा 2-3 मिलिमीटर जाडीचा. जोर केल्यास आटे जातात किंवा तो तुटतो.

ह्यावर एक औषध आहे. अमेरिकेंतील हार्टफर्ड येथील रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल ह्यांनीं 1953 सालीं तें शोधिलें. ‘लॉकटाइट’ ह्या नांवानें तें प्रसिद्ध आहे. हा द्रव हवेंत पातळ राहतो, पण आट्यांत हवा तुटून धातूचा स्पर्श झाला कीं घट्ट होतो. म्हणूनच त्याची बाटली कधीं काठोकाठ भरीत नाहींत !

कृति सोपी आहे. स्क्रू काढून त्यावरील तेल स्पिरिटनें पुसावें. निळ्या जातीचा अगदीं लहान थेंब आट्यांस लावावा, बेताचें आवळावें, व पूर्ण घट्ट होण्यास एक दिवस द्यावा. तांबड्या जातीस सोडविण्यास फार उष्णता लागते. ती येथें नको. बेअरिंगांत थेंब जाऊं देऊं नये. प्लॅस्टिकवर तर तो लावूंच नये. कित्येक प्लॅस्टिकांस त्यानें तडे जातात. पुढें स्क्रू निघेना झाला, तर डोक्यास तापलेली डाग देण्याची कावी क्षणभर टेकवावी, म्हणजे पकड मऊ पडते.

आणि प्रत्येक उड्डाणापूर्वीं, बॅटरी जोडण्याच्या आधीं, एकेक स्क्रू हातानें चाचपून पाहावा. माझा नातू आतां तसें करतो. मीहि शेजारीं उभा राहून मोजतों.