बातमीही वाजवून घ्या

बाजारात मडके घेताना आपण ते वाजवून बघतो. बद्द वाजले तर खाली ठेवतो. बातमीचेही तसेच करावे.

वर्तमानपत्रावर संपादकाचे नाव छापलेले असते. चूक झाली तर त्याला जाब विचारता येतो. मोबाईलवर फिरत आलेल्या मजकुराला मात्र पुष्कळदा धनीच नसतो.

२०१८ साली मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा मोबाईलवरून पसरली. १ जुलैला धुळे जिल्ह्यातील राईनपाडा गावी पाच परगावचे लोक आले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे. जमावाने त्यांनाच टोळी समजून ठार मारले. पाच निरपराध माणसे गेली!

मग बातमी वाजवावी कशी? आम्ही चार प्रश्न विचारतो. हे कोणी सांगितले? कुठे घडले? केव्हा घडले? दुसरीकडे कुठे आले आहे का? कधी कधी चित्र खरे असते, पण जुने किंवा दुसऱ्या मुलखातले असते. आकाशवाणीच्या मराठी बातम्या आता मोबाईलवरही ऐकता येतात. त्यांच्याशी ताडून पाहा. केंद्र सरकारच्या कारभाराविषयीची बातमी असेल, तर पत्र सूचना कार्यालयाकडे ती पाठवून खरीखोटी विचारता येते. ही सोय २०१९ साली सुरू झाली.

गावात कुणाचा संशय आला, तर ११२ वर पोलिसांना कळवा. हात उगारू नका. आणि खात्री नसेल तो मजकूर पुढे धाडू नका. आपल्यापाशी आलेली अफवा आपल्यापाशीच थांबू द्या.