सममिती फक्त कागदाच्या घडीत नसते



सममिती म्हटलं की आपण कागदाची घडी घालतो, फुलपाखरू काढतो, रांगोळी दाखवतो आणि घटक संपवतो. मग मुलांना वाटतं, सममिती म्हणजे दिसायला छान आकृती. खरं तर एखादा बदल करूनही जे तसंच राहतं, ती सममिती. रोबोट चालवण्याचं गणितही तिच्यामुळे सोपं होतं. कसं, ते मैदानावर पाहू.

एका मुलाला रोबोट करा. दोन बाजूंना दोन चाकं असलेला साधा रोबोट पुढे-मागे जातो आणि जागेवर वळतो. आडवा मात्र सरकत नाही. मुलालाही हाच नियम. आता सांगा, "तोंड समोरच ठेवून उजवीकडे सरक." मूल अडेल. मग या सूचना द्या :

१) २ पावले पुढे
२) जागेवर ३० अंश डावीकडे वळ
३) २ पावले मागे
४) ३० अंश उजवीकडे वळ

मूल १ पाऊल उजवीकडे आणि साधारण पाव पाऊल पुढे पोहोचतं, तोंड पुन्हा समोर! जी हालचाल येतच नव्हती, ती येणाऱ्या हालचालींतून तयार झाली.

आता क्रम बदला : पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. मूल जागच्या जागी! बेरजेत क्रम बदलला तरी उत्तर तेच येतं, इथे नाही. म्हणजे या हालचाली क्रमनिरपेक्ष नाहीत. क्रमामुळे पडणारा हा फरक मोजण्याची रीत नॉर्वेचे गणिती सोफस ली (१८४२–१८९९) यांच्या नावाने ओळखली जाते.

मग सममिती कुठे आली? रोबोट कुठे, कसा उभा आहे हे सांगायला तीन संख्या लागतात : दोन जागेच्या, एक दिशेची. प्रत्येक जागेसाठी नवं गणित करत बसलो तर ते संपणारच नाही. पण मुलाला दुसऱ्या कोपऱ्यात, दुसरीकडे तोंड करून उभं करा. सूचना त्याच, उत्तरही तेच : त्याच्या स्वतःच्या उजवीकडे १ पाऊल. म्हणजे गणित एकदाच करायचं, वापरायचं सगळीकडे.

उतारावर मात्र चढाकडे तोंड आणि उताराकडे तोंड यांत फरक पडतो. सममिती मोडते, गणितही बदलतं.

म्हणून वर्गात "आकृती सममित आहे का?" एवढ्यावर थांबू नका. "काय बदललं, आणि तरी काय तसंच राहिलं?" हेही विचारून बघा.