दोघांचा निवांत मुक्काम आणि किनाऱ्यावरील घर
नालासोपारा परिसराच्या निमित्ताने काही विचार

नालासोपारा हे नाव उच्चारताच चर्चगेट-विरार मार्गावरील गर्दीने ओसंडून वाहणाऱ्या उपनगरी गाड्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात. स्थानकाच्या पश्चिमेस काही किलोमीटर गेल्यावर मात्र चित्र पालटते. चाळी आणि इमारती मागे पडतात, केळीच्या व पानवेलींच्या वाड्या लागतात, निर्मळचे तळे व मंदिर येते आणि पुढे कळंब, राजोडी, नवापूर, अर्नाळा असा सुरूंच्या रांगांनी सजलेला किनारा दिसू लागतो.

हा परिसर अतिथीला नवा नाही. बौद्ध साहित्यातील शूर्पारक ते हेच. 'पेरिप्लस' या प्राचीन ग्रीक प्रवासग्रंथातही या बंदराचा उल्लेख आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील 'बुरूड राजाचा कोट' या टेकाडाचे उत्खनन केले, तेव्हा आत स्तूप आणि त्याच्या गर्भात अवशेषपात्रे सापडली. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा याच सुमारास सोपाऱ्यात मिळाला, तर नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली जवळच्या भुईगाव येथे हाती आला. सारांश, परक्या माणसाला निवारा देण्याची या भूमीची परंपरा दोन हजार वर्षांहून जुनी आहे.

आज येथे येणाऱ्या पाहुण्यांत एक वर्ग असा आहे की, ज्याचा विचार आपण गांभीर्याने क्वचितच करतो. नवविवाहित किंवा लग्नाला अनेक वर्षे झालेली, परंतु एकमेकांसाठी दोन दिवस मागणारी जोडपी, हा तो वर्ग होय. महानगरातील एका खोलीच्या संसारात आई-वडील, मुले आणि पाहुणे यांच्या सहवासात पती-पत्नींना निवांत बोलण्यासही जागा मिळत नाही. अशा जोडप्याला महागडे हॉटेल नको असते. त्याला स्वच्छ खोली, घरचे जेवण, समुद्राचा आवाज आणि कोणाची आगंतुक चौकशी नसणे, एवढेच हवे असते. ही गरज किनाऱ्यावरील एखाद्या शेतकऱ्याचे किंवा मच्छीमाराचे साधे घर उत्तम रीतीने भागवू शकते. मात्र त्यासाठी पाहुण्याने, यजमानाने आणि गावाने काही गोष्टी समजून घ्यावयास हव्यात.

मुक्काम केव्हा करावा?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सुखद होय. वाड्या हिरव्या असतात, हवा कोरडी असते आणि समुद्र शांत असतो. कार्तिकातील निर्मळची यात्रा व नाताळचा आठवडा यांत परिसरात मोठी वर्दळ असते. निवांतपणा हवा असेल त्याने हे दिवस व शनिवार-रविवार टाळून आठवड्याच्या मधले दोन दिवस निवडावेत. दिवसभराच्या सहलींचे गट प्रामुख्याने सुट्टीच्या दिवशी येतात. मंगळवारी किंवा बुधवारी तोच किनारा जवळजवळ मोकळा मिळतो व खोलीचे भाडेही बहुधा कमी पडते.

पावसाळ्यात येण्यास हरकत नाही. परंतु जून ते सप्टेंबर या काळात पाण्यात उतरणे सर्वथा वर्ज्य मानावे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. तिचा मुख्य हेतू माशांच्या प्रजननास वाव देणे हा असला, तरी खवळलेल्या समुद्रापासून माणसांचे रक्षण हाही आहे. ज्या पाण्यात कसलेला कोळी नाव घालीत नाही, त्यात शहरातील पाहुण्याने पाऊल टाकू नये, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

तिथी आणि भरती

किनाऱ्यावरील मुक्कामाचे नियोजन दिनदर्शिकेतील वारावर जेवढे, तेवढेच तिथीवर अवलंबून असते. कोकणच्या किनाऱ्यावर एक जुना हिशोब प्रचलित आहे. कोणत्याही पक्षातील तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की, पूर्ण भरतीची स्थूल वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सुमारे सहा वाजता भरती. दशमीला साडेसात. पौर्णिमेला वा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते व सुमारे साडेबारा तासांनी पुन्हा भरती येते. दररोज ही वेळ साधारण पाऊण तास ते पन्नास मिनिटे पुढे सरकते. या हिशोबात थोडे मागेपुढे होते. म्हणून तो अधिकृत भरती-ओहोटीच्या कोष्टकाशी ताडून पाहावा व स्थानिक कोळी बांधवांना विचारावे.

या हिशोबाचा उपयोग असा. सायंकाळी दोघांना ओल्या वाळूवरून दूरवर फिरावयाचे असेल, तर पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या आसपासचा दिवस निवडावा. त्या वेळी सूर्यास्ताच्या सुमारास ओहोटी असते व विस्तीर्ण पुळण उघडी पडते. मात्र हे दिवस उधाणाचे असतात, हे विसरता कामा नये. पाणी जेवढे दूर जाते, तेवढेच वेगाने परतते, आणि खडकावर किंवा खाडीच्या तोंडाशी बसलेल्या माणसाची वाट बंद होण्यास फार वेळ लागत नाही. अष्टमीच्या सुमारास 'भांग' असते. तेव्हा पाण्याची चढउतार कमी असते, परंतु सायंकाळी पाणी किनाऱ्याजवळ असते.

आणखी एक गोष्ट. चित्रपटांमुळे पौर्णिमेचा चंद्र समुद्रातून वर येताना पाहण्याची अपेक्षा घेऊन काही जोडपी येतात. आपला किनारा पश्चिमाभिमुख आहे. येथे चंद्र वाड्यांच्या मागून उगवतो आणि पहाटे समुद्रात मावळतो. तो सोहळा पाहावयाचा असेल, तर संध्याकाळी नव्हे, पहाटे उठावे लागते.

पोहताना ओढीचा प्रवाह माणसाला आत नेऊ लागला, तर किनाऱ्याकडे थेट हातपाय मारण्यात शक्ती खर्च होते. अशा वेळी किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर पडावे व मग परतावे. बुडणाऱ्याच्या मदतीस दुसऱ्याने तसेच उडी घालणे धोक्याचे असते. दोर, रिकामा डबा किंवा हवा भरलेली नळी फेकावी, आरडाओरडा करून मदत मागवावी आणि ११२ या क्रमांकावर कळवावे. सागरी सुरक्षेसाठी १०९३ हा क्रमांक आहे. हे दोन्ही क्रमांक प्रत्येक खोलीत ठळक लिहिलेले असावेत.

खोली ठरविण्यापूर्वी

घर निवडताना छायाचित्रांवर विसंबू नये. यजमानाशी प्रत्यक्ष बोलून पाच बाबी विचाराव्यात : घराची नोंदणी झाली आहे काय, स्नानगृह व शौचालय स्वतंत्र आहे काय, दाराला आतून भक्कम कडी आहे काय, आवारात रात्री ध्वनिवर्धक लावला जातो काय, आणि भाड्यात न्याहारी व जेवण धरले आहे काय. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिवर्धक लावण्यास २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी मनाई आहे, हे पाहुण्याने व यजमानाने दोघांनीही ध्यानी ठेवावे.

जेवण हा तर या परिसराचा अभिमानाचा विषय होय. तांदळाची भाकरी, ताजी मासळी, आगाशीचे पोहे घातलेले भुजिंग, वसईची वाळवलेली केळी म्हणजेच सुकेळी, आणि हंगामात ताडगोळे, असा बेत महानगरातील कोणत्याही उपाहारगृहात मिळणार नाही. एक प्रहर सोपाऱ्याचा स्तूप व चक्रेश्वर मंदिर पाहण्यास द्यावा, दुसरा अर्नाळ्याच्या जलदुर्गास. तिसरा मात्र मोकळा ठेवावा. काहीही न करण्यासाठी वेळ राखणे, हाच अशा मुक्कामाचा खरा उद्देश आहे.

खासगीपणा आणि कायदा

येथे एका नाजूक, परंतु महत्त्वाच्या प्रश्नाकडे वळणे भाग आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईतील मढ-अक्सा परिसरातील निवासगृहांवर पोलिसांनी छापे घातले व सुमारे चाळीस जोडप्यांना ताब्यात घेतले. सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन केल्याच्या कलमाखाली कारवाई झाली. वस्तुतः ही मंडळी बंद खोल्यांत होती. या प्रकारावर देशभर टीका झाली व चौकशीचा आदेश निघाला.

दोन सज्ञान व्यक्तींनी परस्परसंमतीने एका खोलीत राहण्यास मनाई करणारा कोणताही कायदा आपल्या देशात नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ साली एका निवासगृहासंबंधीच्या प्रकरणात हे स्पष्ट केले. यजमानाने पाहुण्यांची ओळखपत्रे पाहणे व नोंदवहीत नोंद करणे हे योग्य व आवश्यकच आहे. दोघेही अठरा वर्षांवरील आहेत, याची खात्री त्याने करावी. परदेशी नागरिक उतरल्यास २४ तासांच्या आत पोलिसांकडे माहिती द्यावी. परंतु विवाहाचा दाखला मागण्याचा अधिकार कायद्याने कोणालाही दिलेला नाही. उलट, कोणाच्या खासगी क्षणांचे चोरून चित्रण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ अन्वये स्त्रीविरुद्धचा गंभीर गुन्हा आहे.

याची दुसरी बाजूही आहे. किनारा हे गावाचे अंगण आहे. तेथे मुले खेळतात, स्त्रिया बोंबील वाळत घालतात, वृद्ध संध्याकाळी येऊन बसतात. खोलीतील स्वातंत्र्य पाहुण्याचे आणि अंगणातील मर्यादा गावाची, एवढे सूत्र दोन्ही पक्षांनी पाळले तर संघर्षाचे कारण उरत नाही. गावातील तरुणांनी जोडप्यांना हटकणे, त्यांचे चित्रण करणे किंवा पैसे उकळणे हे गावाच्या अब्रूचे रक्षण नसून तिचे नुकसान आहे, ही गोष्ट शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी ठामपणे सांगितली पाहिजे.

यजमानाला शासनाचा आधार

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्थापना १९७५ साली झाली. घरातील मोकळ्या खोल्या पर्यटकांना देण्याची 'निवास व न्याहारी' योजना महामंडळाने रुजविली व त्यातून कोकणातील अनेक कुटुंबांना जोडधंदा मिळाला. २०२० मध्ये राज्याचे कृषी पर्यटन धोरण जाहीर झाले, त्यामुळे शेतकऱ्याला शेतीबरोबर पाहुणचाराचा व्यवसाय नोंदणीकृतपणे करता येतो. २०२३ मधील 'आई' हे महिलाकेंद्रित पर्यटन धोरण विशेष उल्लेखनीय होय. त्यानुसार महिला उद्योजकांना पर्यटन व्यवसायासाठी घेतलेल्या १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा परतावा ठरावीक मर्यादेत मिळू शकतो. २०२० साली राज्याने किनारी कुटी धोरणही आखले. त्यासाठी प्रथम निवडलेल्या आठ किनाऱ्यांत पालघर जिल्ह्यातील केळवे व बोर्डी यांचा समावेश होता.

किनाऱ्यालगत बांधकाम करताना मात्र सागरी किनारा नियमन क्षेत्राची २०१९ ची अधिसूचना पाहणे अनिवार्य आहे. ग्रामीण किनाऱ्यावरील स्थानिक रहिवाशांना, मच्छीमारांसह, आपल्या राहत्या घरात पर्यटकांना ठेवण्याची मुभा या अधिसूचनेने दिली आहे. त्यासाठी घराचे जोते, रचना किंवा दर्शनी भाग यांत बदल करता येत नाही. या तरतुदीचा आशय स्पष्ट आहे : पाहुणा घरात यावा, घराचे हॉटेल होऊ नये. जो यजमान वाळूवर पक्के बांधकाम करतो, तो कारवाईस पात्र ठरतोच, शिवाय आपल्याच किनाऱ्याची धूप वाढवितो.

गोडे पाणी टिकले तरच

वसई परिसरातील वाड्यांचे जीवन गोड्या पाण्यावर आहे. पूर्वजांनी येथे 'बावखले' खोदली. पावसाचे पाणी साठवून जमिनीत मुरविणारी ही तळी समुद्राच्या खाऱ्या पाण्याला थोपवून धरतात व विहिरींचे पाणी गोडे ठेवतात. उपसा वाढला आणि बावखले बुजली की, विहीर मचूळ होते, केळीची बाग जाते आणि मग पाहुण्याला दाखविण्यासारखे काही शिल्लक राहत नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या हरित वसई चळवळीने हाच प्रश्न लोकांसमोर मांडला होता.

म्हणून यजमानाने खोल्या वाढविण्यापूर्वी विहिरीचा अंदाज घ्यावा. पोहण्याच्या हौदापेक्षा स्वच्छ न्हाणीघरावर खर्च करावा. शौचालयाचा शोषखड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर, रेताड जमिनीत त्याहूनही अधिक दूर ठेवावा. स्नानाचे पाणी केळी व नारळांच्या आळ्यांकडे वळवावे. प्लॅस्टिकच्या बाटल्यांऐवजी उकळून गार केलेले पाणी तांब्या-भांड्यातून द्यावे.

अर्नाळ्यासारख्या गावांत ग्रामपंचायतीने, आणि २००९ मध्ये स्थापन झालेल्या वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दीत पालिकेने, काही कामे अग्रक्रमाने हाती घ्यावीत : नोंदणीकृत घरांची यादी दर्शनी फलकावर लावणे, किनाऱ्यावर भरतीच्या वेळा दररोज लिहिणे, धोक्याच्या जागी सूचनाफलक व दोर ठेवणे, कचरा उचलण्याची व्यवस्था करणे आणि बावखलांची नोंद घेऊन ती बुजू न देणे. यांपैकी भरतीचा फलक तर शाळेतील विद्यार्थीही लिहू शकतील. तिथीची पाऊणपट करणे आणि ती अधिकृत कोष्टकाशी ताडून पाहणे, हा गणिताचा व भूगोलाचा उत्तम पाठ ठरेल.

दोन दिवसांच्या मुक्कामानंतर जोडपे पुन्हा गर्दीच्या गाडीत चढते. त्याने मागे ठेवलेले भाडे एखाद्या घरातील मुलीच्या शिक्षणास किंवा जाळ्याच्या दुरुस्तीस उपयोगी पडते. बरोबर नेलेला विसावा त्याच्या संसारास उपयोगी पडतो. या देवघेवीत कोणाचीच अप्रतिष्ठा नाही. वाडी, विहीर आणि विश्वास ही तीन भांडवले गावाने जपली, तर शूर्पारकाच्या या किनाऱ्यावर पाहुणा पुन्हा पुन्हा येत राहील.