डोळ्यातला पापुद्रा

कुणाला कमी दिसू लागले, की गावात लगेच म्हणतात, "मोतीबिंदू असेल. पिकला की काढू." पुष्कळदा तो मोतीबिंदूच असतो. पण दर वेळी नाही. डोळ्याच्या आत, अगदी मागच्या बाजूला, दुसराच एक आजार होतो. तो पिकण्याची वाट पाहणाऱ्याची नजर जाते, ती मग परत येत नाही. म्हणून हा आजार समजून घेऊ या.

डोळा म्हणजे सुमारे २४ मिलिमीटरचा, जवळजवळ एक इंचाचा गोळा. पुढे बाहुली. बाहुलीमागे काचेसारखे भिंग. हे भिंग गढूळ होते, त्यालाच आपण मोतीबिंदू म्हणतो. भिंगाच्या मागे स्वच्छ, पारदर्शक गर भरलेला असतो. तो अंड्यातल्या पांढऱ्या भागासारखा दिसतो. आणि सर्वांत मागे, भिंतीला कागद चिकटवावा तसा एक पडदा असतो. त्याची जाडी अर्धा मिलिमीटरसुद्धा नसते. आपण जे पाहतो ते या पडद्यावर उमटते आणि तिथून मेंदूला कळते. पडदाच बिघडला, तर भिंग कितीही स्वच्छ असून काय उपयोग?

मधुमेह, म्हणजे साखरेचा आजार, हे या बिघाडाचे एक मोठे कारण आहे. रक्तातली साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, की पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. मग पडद्यावर नव्या वाहिन्या उगवतात. पण त्या कच्च्या असतात. त्या फुटल्या, की गरात रक्त पसरते. डोळ्यापुढे काळे ठिपके येतात, नाहीतर सगळे धूसर होते. या वाहिन्यांबरोबर पडद्यावर पापुद्राही वाढतो. ओले कातडे वाळताना आखडते, तसा हा पापुद्रा आखडतो आणि पडद्याला ओढून भिंतीपासून सोडवतो. मुळे सुटलेले रोप जसे सुकते, तसा सुटलेला पडदा हळूहळू निकामी होतो.

उतारवयात मधुमेह नसतानाही कधी कधी पातळ पापुद्रा येतो. त्याने पडद्याला सुरकुती पडते आणि सरळ वस्तू वाकडी दिसते. अशा प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. ते डॉक्टर तपासून ठरवतात.

पूर्वी डोळ्यातल्या गराला हात लावायला डॉक्टर धजत नसत. १९७० साली अमेरिकेतील मायामी शहरात रॉबर्ट माखेमर या डॉक्टरांनी नवी वाट काढली. गर बारीक कापून ओढून घेणारे आणि त्याच वेळी डोळ्यात पाणी सोडणारे हत्यार त्यांनी वापरले. ते हत्यार तयार करताना त्यांनी अंड्यातल्या पांढऱ्यावर प्रयोग केले होते!

आज ही हत्यारे एक मिलिमीटरहूनही बारीक झाली आहेत. बहुतेकांना डोळ्यापुरतीच भूल देतात. डोळ्याच्या पांढऱ्या भागात तीन बारीक छिद्रे करतात. एकातून उजेड, एकातून हत्यार, एकातून पाणी. आधी गर आणि रक्त काढतात. मग सूक्ष्मदर्शक यंत्रातून पाहत, बारीक चिमट्याने पापुद्रा अलगद सोलतात किंवा कापतात. पडदा जागेवर बसावा म्हणून कधी डोळ्यात वायू, कधी तेल भरतात. वायू भरला असेल, तर डॉक्टर सांगतील तितके दिवस मान खाली घालून राहावे लागते. वायू विरेपर्यंत विमानाने जायचे नाही. तेल भरले असेल, तर ते बहुधा पुढे पुन्हा काढावे लागते.

एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. ही शस्त्रक्रिया उरलेली नजर राखण्यासाठी आहे. काहींची नजर सुधारते, पण तिला महिने लागतात. पडद्याचा जो भाग मेला, तो कोणीही जिवंत करू शकत नाही. म्हणून वेळेवर जाणे हेच खरे औषध.

मग आपण काय करावे? मधुमेह आहे असे कळले, की पडदा तपासून घ्यावा आणि पुढे दर वर्षी तपासावा. "मला तर स्वच्छ दिसतं, कशाला जाऊ?" असे म्हणू नये. सुरुवातीला चांगले दिसत असतानाच आत बिघाड चालू असतो. तेव्हा कळले, तर साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवून, लेसर किरणांनी किंवा इंजेक्शनने पुष्कळांची शस्त्रक्रिया टळते. तपासणीला डोळ्यात थेंब घालतात. त्यानंतर काही तास धूसर दिसते, म्हणून सोबत कोणी तरी न्यावे.

घरीही एक परीक्षा करता येते. चष्मा असेल तर तो लावावा. एक डोळा तळहाताने झाकून दाराच्या चौकटीकडे पाहावे. मग दुसरा झाकून पाहावे. चौकट वाकडी दिसली किंवा मध्येच डाग दिसला, तर डॉक्टरांकडे जावे. एकाएकी पुष्कळ काळे ठिपके आले, वीज चमकल्यासारखे झाले किंवा एका बाजूने अंधार आला, तर त्याच दिवशी निघावे. पेरणी एक दिवस पुढे ढकलता येते. पडदा थांबत नाही.