नवोदयचा फॉर्म पालकांना स्वतः भरता यावा म्हणून : संगणकावर सचित्र मार्गदर्शिका कशी तयार करावी?



ज्यांच्याकडे पाचवीचा वर्ग असतो त्यांना हे काही नवीन नाही. शाळा सुरू झाल्या की जवाहर नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेचे ऑनलाइन अर्ज भरायची गडबड सुरू होते. आपल्या जिल्ह्याचं नवोदय कन्नडला आहे. सहावीत जास्तीत जास्त 80 मुलं घेतात. राहणं, जेवण, पुस्तकं यांचा खर्च विद्यालय करतं. अर्जाला फी नाही. पण फुलंब्री तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरचा पालक हा फुकटचा अर्ज भरायला एक दिवसाची मजुरी बुडवून, गाडीभाडं खर्चून नेटकॅफेत येतो, तिथे पुन्हा पैसे देतो. कधी सहीचा फोटो मोठा आहे म्हणून फाइल चढत नाही आणि माणूस तसाच परत जातो. दुसऱ्यांदा येणं होईलच असं नाही. पोरगं हुशार असूनही परीक्षेला बसायचं राहतं.

यूट्यूबवर व्हिडिओ आहेत, मान्य. पण व्हिडिओ बघत फॉर्म भरायचा म्हणजे एकाच मोबाइलवर दोन कामं. थांबवा, मागे न्या, पुन्हा फॉर्मवर या. त्यापेक्षा दोन-तीन पानांचा चित्रांचा कागद शेजारी ठेवून, त्यावर बोट ठेवत काम करणं सोपं जातं. असा कागद आपण शाळेतल्या संगणकावर तयार करू शकतो. वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही. विंडोजमधलं पेंट आणि वर्ड किंवा लिबर ऑफिस रायटर पुरे.

आधी वही, मग संगणक

आपल्याला येणारं काम लिहून काढताना आपण अर्ध्या पायऱ्या गाळतो, कारण त्या आपल्या लक्षातच येत नाहीत. म्हणून ज्यांनी हा फॉर्म कधी भरला नाही अशा एका पालकांना शेजारी बसवा, माउस त्यांच्या हातात द्या आणि ते कुठे अडतात ते वहीत टिपत जा. तेवढ्याच पायऱ्या मार्गदर्शिकेत हव्यात. राज्य निवडलं की मगच जिल्ह्याची यादी उघडते, ही आपल्याला किरकोळ वाटणारी गोष्ट. पालक मात्र रिकाम्या चौकटीकडे बघत बसतात!

पहिल्या पानावर चित्र नको, ‘बसण्यापूर्वी जवळ ठेवा’ अशी यादी द्या. मुलाचा आधार क्रमांक, मुलाचा फोटो, मुलाची सही, पालकाची सही, मुख्याध्यापकांनी सही-शिक्का केलेलं प्रमाणपत्र. अर्धा फॉर्म भरून झाल्यावर प्रमाणपत्र आठवलं तर तो दिवस गेलाच.

पडद्याचं चित्र घेताना

कीबोर्डवर विंडोज, शिफ्ट आणि एस ही तीन बटणं एकदम दाबली की पडदा मंद होतो, हवा तेवढा भाग माउसने ओढून घेता येतो. जुन्या संगणकावर ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबा. समोरची खिडकी तेवढी टिपली जाते, ती पेंटमध्ये पेस्ट करायची.

चित्र घेण्याआधी ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि अधिकचं बटण दाबून पान 125 किंवा 150 टक्क्यांपर्यंत मोठं करा. पूर्ण पडदा टिपून ए-4 कागदावर बसवला की अक्षरं मुंगीएवढी होतात. अख्खा पडदा दाखवायची गरजही नसते. ज्या चौकटीत लिहायचं ती आणि तिच्या आजूबाजूचा थोडा भाग, म्हणजे ‘आपण कुठे आहोत’ हे कळेल एवढं चित्र पुरतं.

पडद्याची चित्रं पीएनजी प्रकारात सेव्ह करा. जेपीजीत अक्षरांच्या कडा फुटतात, झेरॉक्स काढल्यावर तर जास्तच. मुलाचा फोटो आणि सह्या मात्र फॉर्मला जेपीजीतच लागतात.

विंडोज 7 पासून ‘स्टेप्स रेकॉर्डर’ नावाची एक सोय आलेली आहे. स्टार्टमध्ये पीएसआर ही इंग्रजी अक्षरं टाइप केली की ती उघडते. आपण काम करत जायचं, दर क्लिकला ती चित्र टिपते आणि सोबत इंग्रजीत ओळ लिहिते. मायक्रोसॉफ्टने 2023 मध्ये ती बंद करणार असल्याचं सांगितलं आहे, त्यामुळे नव्या संगणकावर मिळेलच असं नाही. असली तर पायऱ्या आठवायला वापरा. तिच्यातून निघालेला कागद जसाच्या तसा पालकांच्या हातात देऊ नका. त्यात नको तेवढी चित्रं असतात आणि माणसाशी बोलल्यासारखं एकही वाक्य नसतं.

मांडणी

वर्डमध्ये दोन रकान्यांचा तक्ता करा. डावीकडे चित्र, उजवीकडे वाक्य. एका ओळीत एकच कृती. बाण आणि चौकटी वर्डमध्ये सुट्या काढल्या, तर तीच फाइल दुसऱ्या शाळेतल्या लिबर ऑफिसमध्ये उघडल्यावर बाण भलतीकडेच जातात. म्हणून खुणा पेंटमध्ये चित्रावरच करा, मग चित्र तक्त्यात टाका.

एका चित्रात एकच खूण. लाल, हिरवे, निळे बाण संगणकावर छान दिसतात, पण आपल्याकडे पुढचा प्रवास झेरॉक्सचा असतो आणि झेरॉक्समध्ये सगळे रंग करडे होतात. जाड काळी चौकट आणि तिच्या कोपऱ्यात मोठा आकडा, हे झेरॉक्सच्या झेरॉक्समध्येही टिकतं.

मराठी टायपिंग युनिकोडमध्येच करा. मंगल किंवा निर्मला हे फॉन्ट चालतात. कृतीदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा होऊन बसतो. शेवटी पीडीएफ करा आणि व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलं की व्हॉट्सॲप त्याचा आकार कमी करतं आणि बारीक अक्षरं पुसट होतात.

वाक्य कसं लिहावं

‘अर्जदाराने विहित आकारमानातील स्वाक्षरी अपलोड करावी.’ हे परिपत्रकाचं मराठी झालं. यातून पालकाला काहीच करता येत नाही. त्याच पायरीचे असे तुकडे पाडा :

पांढऱ्या कागदावर मुलाला काळ्या पेनाने सही करायला सांगा. मोबाइलने फोटो काढा, तो संगणकात घ्या. फोटोवर राइट क्लिक करून ‘पेंट’मध्ये उघडा. सहीभोवतीचा जास्तीचा कागद कापून टाका. कंट्रोल आणि डब्ल्यू दाबा. छोटी खिडकी उघडेल. 100 च्या जागी 25 लिहा, ओके करा. ‘सेव्ह ॲज’मध्ये जेपीईजी निवडून नव्या नावाने सेव्ह करा. त्या फाइलवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ बघा. आकार 10 ते 100 केबीच्या मध्ये आला की झालं. अजून मोठा असेल तर पुन्हा 50 लिहा.

मोबाइलचा फोटो सहज तीन-चार एमबीचा, म्हणजे फॉर्मला चालतो त्याच्या तीस-चाळीसपट असतो. बहुतेक पालक अडतात ते इथेच, म्हणून या पायरीला खुशाल अर्धं पान द्या. केबीची मर्यादा मात्र त्या वर्षीच्या सूचना बघूनच लिहा.

‘झालं का?’ हे कळण्यासाठी प्रत्येक पायरीनंतर काय दिसेल तेही सांगा. बटणांची नावं पडद्यावर इंग्रजीत असतील तर ती तशीच इंग्रजी अक्षरांत लिहून शेजारी मराठी उच्चार द्या. भाषांतर करू नका, पालक पडद्यावर ‘सादर करा’ शोधत बसतील.

मुलांची माहिती झाकताना

मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मार्गदर्शिका गावभर फिरते, त्यामुळे तिच्यात एकाही खऱ्या मुलाचं नाव, आधार क्रमांक, जन्मतारीख, मोबाइल नंबर दिसता कामा नये. खोटी माहिती भरून सरकारी फॉर्म सबमिट करणं बरोबर नाही. म्हणून पालकांची परवानगी घेऊन खरा फॉर्म भरतानाच चित्रं घ्यावीत आणि मग माहिती झाकावी.

झाकण्याची पद्धत मात्र पक्की हवी. वर्डमध्ये चित्रावर काळी चौकट ठेवली तर ती नुसती वर ठेवलेली असते, उचलली की खालचा आधार नंबर समोर. वर्डमध्ये चित्र कापलं तरी कापलेला भाग फाइलमध्येच राहतो. तो घालवायला ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’मध्ये जाऊन कापलेले भाग काढण्याचा पर्याय निवडावा लागतो. हायलाइटर तर अर्धपारदर्शकच असतो. मार्च 2023 मध्ये विंडोजच्या चित्र टिपणाऱ्या साधनातच अशी गडबड सापडली होती. सेव्ह केलेलं चित्र कापून त्याच नावाने पुन्हा सेव्ह केलं, तर कापलेल्या भागातलं बरंच काही फाइलमधून परत मिळवता येत होतं. ती दुरुस्त झाली, पण जुन्या फाइली तशाच फिरत असतील. तेव्हा पेंटमध्ये काळा भरीव आयत काढून चित्र नव्या नावाने सेव्ह करा आणि तेच वापरा. पेंटमध्ये झाकलेल्या जागी खालचं काही उरतच नाही.

हाताने करायच्या कामांसाठी

हीच पद्धत वर्गात चालते. बालभारतीच्या ‘खेळू, करू, शिकू’मधल्या कृतींसारख्या एखाद्या कामाचा तक्ता मुलांकडूनच करून घ्या. समजा जलसंजीवनी करायची आहे. एक लीटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. इथे ‘सपाट’ म्हणजे काय ते फोटोच दाखवतो, शब्दांनी ते कळत नाही. फोटो समोरून काढू नका. करणाऱ्याच्या खांद्यामागून काढा, म्हणजे बघणाऱ्याला तो आपलाच हात वाटतो. समोरून काढला की डावं-उजवं उलटं होतं.

छापण्याआधी

पीडीएफची एक प्रत काढा आणि नवीन पालकांच्या हातात द्या. जवळ बसा, पण बोलू नका. बोट जिथे थांबेल तिथे पेन्सिलने टिंब करा. टिंबांच्या जागी वाक्य बदला किंवा चित्र वाढवा. पानाच्या वरच्या कोपऱ्यात वर्ष लिहा, कारण संकेतस्थळाचं रूप दरवर्षी थोडंफार बदलतं आणि जुना कागद नव्या पालकाला चुकवतो. मूळ चित्रं 01, 02, 03 अशी नावं देऊन एका फोल्डरमध्ये ठेवली की पुढच्या जूनमध्ये बदललेली तेवढी दोन-तीन चित्रं नव्याने घ्यायची. न झाकलेली चित्रं मात्र काम झाल्या दिवशीच शाळेच्या संगणकातून काढून टाका, रिसायकल बिनमधूनसुद्धा.