सासूबाईंची जीभ आणि करंजीची कड

हसू नका, पण आमच्या खिडकीत सासूबाईंची जीभ आहे. चांगली हातभर लांब, टोकाला अणकुचीदार आणि दोन्ही कडांना पिवळी किनार लावलेली! इंग्रजी बोलणाऱ्या मुलखात या झाडाला खरोखरच 'सासूची जीभ' म्हणतात. नाव ठेवणारा नक्की कुणीतरी जावई असणार. तुम्ही त्याला स्नेक प्लांट म्हणता. दवाखान्यात, बँकेत, सोसायटीच्या जिन्यात, जिथे पाणी घालायची आठवण कुणालाच राहत नाही तिथे तो हमखास उभा असतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या भाचीला या झाडाचं रोप हवं झालं. "मावशी, पिवळ्या बॉर्डरचंच हं!" मी एक छानसं पान कापलं, त्याचे चार-चार बोटांचे तीन तुकडे केले आणि ओल्या वाळूत खोचले. (खोचताना तुकड्याची खालची बाजू खालीच राहिली पाहिजे. उलटा खोचला तर मुळं फुटत नाहीत. पानाला आपलं डोकं कुठे नि पाय कुठे हे बरोबर ठाऊक असतं.) काही आठवड्यांनी मुळं आली. मग कितीतरी महिने काहीच घडलं नाही. भाचीने रोज वाळूत नाक खुपसून पाहणं सोडून दिलं आणि त्यानंतर एक दिवस तुकड्याशेजारून टोकदार पिल्लू वर आलं.

हिरवंगार. किनार नाहीच!

"तू मला दुसऱ्याच झाडाचं पान दिलंस," भाची म्हणाली. मी शपथेवर सांगितलं, तरी तिने मान्य केलं नाही. शेवटी आम्ही नर्सरीत गेलो. माळीकाका कुंडी बघून हसले. "ताई, पानावरनं किनार येत नसती. पिल्लू तोडून लावायचं."

"का बरं?"

"नाहीच येत."

माळीकाकांचं उत्तर शंभर टक्के बरोबर होतं, पण भाचीचं समाधान होईना. मग घरी येऊन मी दिवाळीच्या डब्यातली एक करंजी काढली.

करंजीत काय असतं? बाहेर पातळ पारी, आत सारण. आता कल्पना करा, सारण हिरवं आहे आणि पारी पिवळसर. पारी मधल्या भागावर इतकी पातळ लाटली आहे की आतलं हिरवं सारण तिच्यातून दिसतं. त्यामुळे करंजीचं पोट हिरवं दिसेल. पण कड? जिथे आई मुरड घालते तिथे सारण नसतंच. तिथे नुसती पारी असते, म्हणून कड पिवळी!

आमच्या स्नेक प्लांटचं पान ही अशीच करंजी आहे. झाडाच्या वाढीच्या टोकाशी, जिथे नवी पानं तयार होतात तिथे, पेशींचे थर एकावर एक असतात. या झाडात बाहेरच्या थरातल्या पेशी हिरवं द्रव्य बनवू शकत नाहीत, आतल्या थरातल्या बनवू शकतात. पान तयार होताना मधला भाग आतल्या थरापासून होतो, कडा मात्र बाहेरच्या थरापासून. म्हणजे एकाच कातडीखाली दोन झाडं राहतात. दोघांच्या पेशींमध्ये हिरव्या रंगाच्या सूचना वेगवेगळ्या, पण घर एकच.

अशा झाडाला शास्त्रज्ञ 'कायमेरा' म्हणतात. हे नाव ग्रीक गोष्टींतल्या एका राक्षसाचं. त्याचं डोकं सिंहाचं, मधला भाग बकरीचा आणि शेपूट सापाचं. आपल्या किल्ल्यांच्या दरवाज्यांवर शरभ कोरलेला असतो ना, त्याचा हा लांबचा पाहुणा समजा. १९०७ साली हान्स विंकलर या जर्मन शास्त्रज्ञाने टोमॅटो आणि कामोणी यांचं कलम केलं. सांध्यावरून कापल्यावर तिथून एक कोंब असा फुटला की एका बाजूला टोमॅटोची पानं आणि दुसऱ्या बाजूला कामोणीची! या विचित्र कोंबाला त्यांनी कायमेरा म्हटलं. दोन वर्षांनी एर्विन बाउर यांनी पांढऱ्या कडांच्या जेरेनियमचा अभ्यास करून दाखवलं की तिथे कुणी कलम केलेलं नसतं, तरीही थरावर थर असा कायमेराच असतो. आपोआप.

आता भाचीच्या हिरव्या पिल्लाचा उलगडा होतो. पानाचा तुकडा मातीत खोचला की नवा कोंब आतल्या हिरव्या पेशींपासून फुटतो. सारणापासून नवी करंजी करायची म्हटली तर पारीसुद्धा सारणाचीच होणार! याउलट झाडाच्या बुंध्याशी जमिनीखाली आल्यासारखं आडवं जाडसर खोड असतं. त्याच्या टोकाला पारी आणि सारण दोन्ही जागच्या जागी असतात. त्यामुळे तिथून आलेलं पिल्लू तोडून लावलं की किनारीसकट झाड मिळतं. माळीकाका हेच सांगत होते, फक्त करंजीशिवाय.

एक गंमत मात्र राहिली. भाचीच्या हिरव्या पिल्लावर गडद-फिकट आडवे पट्टे आले होते, अगदी आईसारखे. ते कसे टिकले? कारण ते पट्टे दोन झाडांच्या शेजारामुळे येत नाहीत. तो सगळ्या पेशींना पाठ असलेला नक्षीचा धडा आहे, वाघाच्या पट्ट्यांसारखा. या झाडाच्या जुन्या शास्त्रीय नावात, सॅन्सेव्हिएरिया ट्रायफॅशिएटामध्ये, 'तीन पट्टे' लपलेले आहेत. जुनं म्हणायचं कारण अलीकडे शास्त्रज्ञांनी याचे जनुक तपासले आणि २०१७ पासून त्याचं नाव ड्रॅसीना ट्रायफॅशिएटा करून टाकलं. नर्सरीवाल्यांनी हे अजून मनावर घेतलेलं दिसत नाही.

हे झाड मूळचं पश्चिम आफ्रिकेतलं. पण त्याला ट्रायफॅशिएटा हे नाव मिळालं ते आपल्याकडे! कलकत्त्याजवळच्या शिबपूरच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख डेव्हिड प्रेन यांनी १९०३ साली बंगालमधल्या वनस्पतींवर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि त्यात या परक्या पाहुण्याचीही नोंद केली. याच कुळातली एक वनस्पती भारतात आधीपासून आहे. तिच्या पानांतले धागे भयंकर चिवट असतात आणि बंगालमध्ये तिला मूर्वा म्हणतात. धनुष्याच्या दोरीला संस्कृतात मौर्वी म्हणतात, तो शब्द मूर्वापासूनच आला.

पिवळ्या किनारीचं झाड विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एमिल लॉराँ या बेल्जियन वनस्पतीशास्त्रज्ञाला काँगोत मिळालं. त्याच्या नावावरून आजही नर्सरीत त्याला 'लॉरेंटी' म्हणतात. आधी लोकांना वाटलं, ही वेगळीच जात आहे. १९१५ साली लंडनच्या क्यू उद्यानातल्या एन. ई. ब्राउन यांनी त्याला ट्रायफॅशिएटाच्याच घरात आणून बसवलं.

मला या गोष्टीत सगळ्यांत काय आवडतं सांगू? ही किनार कुणी बनवलेली नाही. कधीतरी, कुठल्या तरी एका झाडाच्या एका पेशीची नक्कल करताना चूक झाली. तिला हिरवं द्रव्य बनवता येईना. तिच्या मुली, नाती, पणत्या सगळ्याच तशा निघाल्या. अशा अचानक बदलाला उत्परिवर्तन म्हणतात. एरवी जंगलात अशी फिकट झाडं मागे पडतात, कारण त्यांना अन्न कमी बनवता येतं. पण इथे माणसाची नजर पडली आणि झाड जगभर पोचलं.

मग नवी जात काढणारे लोक काय करतात? मुख्य काम बघण्याचं! १९३९ साली अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या एका नर्सरीत लॉरेंटीच्या उंच झाडांमध्ये एक बुटकं, कमळासारखी पानं पसरलेलं पिल्लू दिसलं. दुसरं कुणी असतं तर 'वाढ खुंटली' म्हणून उपटून टाकलं असतं. पण ते जपलं गेलं. १९४१ साली त्यावर सिल्व्हन हान यांच्या नावाने पेटंट मिळालं, आणि त्याचं नाव पडलं 'हानी'. हो, झाडाचं पेटंट! बी न लावता, कलमाने किंवा पिल्लाने वाढवलेल्या झाडांना पेटंट देणारा कायदा अमेरिकेने १९३० सालीच केला होता. पुढे हानीच्याही पिवळ्या कडांच्या आणि चंदेरी पानांच्या बहिणी निघाल्या. १९४८ साली पांढऱ्या उभ्या रेघांचं 'बँटेल्स सेन्सेशन' आलं.

आता समजा, उद्या तुमच्या हिरव्या झाडावर एक पिवळी रेघ दिसली. आधी उड्या मारू नका. पाणी जास्त झालं, ऊन लागलं, कीड लागली, तरी पान पिवळं पडतं. पण तो पिवळेपणा वेडावाकडा पसरतो आणि त्या जागी पान मऊ तरी पडतं, नाहीतर वाळतं. खरी रेघ पानाच्या लांबीभर सरळ धावते आणि पान ठणठणीत राहतं. पुढच्या नव्या पानावर त्याच बाजूला रेघ आली तर मात्र तुमच्या हृदयाची धडधड वाढायला हरकत नाही.

तरी काम झालं नाही. सुरुवातीला बिघडलेली पेशी एकच असते. तिच्या वंशजांनी वाढीच्या टोकाची फक्त एक फोड व्यापलेली असते, म्हणजे करंजीच्या पारीचा एवढासा तुकडा पिवळा, बाकीची पारी हिरवी. अशा झाडाचा भरवसा नाही. पुढचं पिल्लू हिरव्या बाजूने आलं की रेघ गायब! म्हणून नर्सरीवाले रेघेच्या बाजूने येणाऱ्या पिल्लावर डोळा ठेवतात. कधी झाडाचा मधला शेंडा कापून बाजूच्या डोळ्यांना फुटायला भाग पाडतात. त्यातलं एखादं पिल्लू नेमकं पिवळ्या फोडीच्या खालून निघालं, तर त्याच्या अंगावर पूर्ण पिवळी पारी येते. ते वेगळं लावायचं, त्याची पिल्लं बघायची, पिल्लांची पिल्लं बघायची. जी मागे हिरवी वळली ती बाजूला काढायची. हे झाड इतकं सावकाश वाढतं की एका पिढीची वाट बघता बघता तुम्ही पाचवीतून सातवीत जाल.

आपल्या देशात २००१ साली वनस्पतींच्या नव्या जातींसाठी कायदा झाला. त्यातही हेच विचारतात: तुमचं झाड आधीच्या जातींपेक्षा वेगळं आहे का, सगळी रोपं एकसारखी आहेत का, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहतात का? शेवटच्या प्रश्नाला बरेच जण नापास होतात. टिश्यू कल्चर करून जळगावकडे केळीची एकसारखी रोपं हजारोंनी होतात, पण कायमेराला ती युक्ती फारशी मानवत नाही. पेशीपेशींतून नवं झाड करायला गेलं की पारी एकीकडे, सारण दुसरीकडे!

उत्परिवर्तनाची वाट न बघता ते घडवूनही आणता येतं. गॅमा किरणांचा मोजून मापून मारा केला की पेशींमधल्या चुका वाढतात. मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने अशा किरणांच्या मदतीने भुईमुगाच्या जाती काढल्या आहेत, लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने शेवंतीला नवे रंग मिळवून दिले आहेत. पण किरण फक्त पत्ते पिसतात. हातात कुठलं पान येईल ते सांगत नाहीत. बहुतेक चुका निरुपयोगी असतात, आणि त्यातून कामाची एक शोधायला पुन्हा तेच, बघत बसणं.

भाचीचं हिरवं झाड आता गुडघ्याएवढं झालंय. माझ्या कुंडीतही गेल्या पावसाळ्यात एक पिल्लू आलं. ते नुसत्या पिवळ्या किनारीचं नाही, पूर्णच पिवळं आहे, साजूक तुपासारखं. सारणाशिवायची करंजी! भाची आली की त्याच्यासमोर मांडी घालून बसते.

"मावशी, हे मला दे ना. वेगळ्या कुंडीत लावते."

मी नाही म्हटलं. तिने कारण विचारलं नाही. थोडा वेळ विचार केला, बोटाने माती उकरली आणि पिल्लाला आईशी जोडणारं ते जाडसर खोड हळूच पुन्हा झाकून टाकलं.