मनोगतिक उपचाराचा आरंभ

मनोविश्लेषणातून निघालेल्या मनोगतिक उपचारास प्रारंभ करणारा प्रथम गोंधळतो तो उपचारकाच्या मौनाने. डॉक्टरांकडे औषध व वडीलधाऱ्यांकडे सल्ला मागण्याची आपली रीत. येथे सहसा दोन्ही मिळत नाहीत. आठवड्यातून एकदा वा दोनदा, ठरल्या वेळी, सुमारे ५० मिनिटे बसावयाचे आणि मनात येईल ते, क्षुल्लक वा लाजिरवाणे वाटले तरी, बोलावयाचे. आगगाडीच्या खिडकीशी बसलेल्या प्रवाशाने बाहेरचे बदलते दृश्य आतल्या सोबत्यास सांगावे, तसे हे बोलणे, असे फ्रॉइड यांनी १९१३ च्या निबंधात म्हटले आहे. इंदापूरहून बारामतीस एस्. टी.ने येणाऱ्यास ही उपमा सहज उमजेल. अवघड एवढेच, की उसाच्या फडापाठोपाठ भावकीच्या तंट्यातला बांध दिसला, तर तोही वगळावयाचा नाही.

कोण कोणाचा पाहुणा हे सर्वांस ठाऊक असलेल्या ह्या मुलखात गुप्ततेची शंका पहिल्याच भेटीत विचारून घ्यावी. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे; जिवास धोका असल्यास त्यास अपवाद आहे. आत्महत्येचे विचार येत असल्यास वा भास होत असल्यास मात्र आधी मनोविकारतज्ज्ञांस गाठावे. नेणिवेचा शोध मागाहून.

पुढे काही आठवड्यांनी उपचारकाचा राग येऊ लागतो, वेळा चुकू लागतात. चुलत्यापुढे मान खाली घालणारा तरुण उपचारकापुढेही तशीच घालतो. हेच भावसंक्रमण. उपचार फसला असे समजून कित्येक जण नेमके येथेच येणे बंद करतात. वास्तविक तो राग उपचारकासच बोलून दाखवावयाचा असतो.